बेट, जंगल आणि लूट : खेळातील एका बेटाविषयी मराठी खेळाडूंच्या समजुतींचा इतिहास

खेळ हा इतिहासाचा विषय होऊ शकतो काय, हा प्रश्न आता फारसा कोणी विचारीत नाही. परंतु खेळ खेळणाऱ्यास खेळताना काय वाटले, हा इतिहासाचा विषय होतो काय, याविषयी मात्र अभ्यासकांच्या मनात अजून संकोच आहे. वस्तू टिकते, वाटणे टिकत नाही; आणि जे टिकत नाही त्याचा पुरावा द्यायचा कसा, ही अडचण खरीच आहे. संगणकावरील खेळांच्या बाबतीत ही अडचण उलट बाजूने येते. तेथे पुष्कळदा वस्तूच नाहीशी होते आणि मागे राहते ते केवळ खेळणाऱ्यांचे बोलणे. प्रस्तुत निबंधात अशाच एका बोलण्याचा मागोवा घ्यावयाचा आहे. विषय आहे उष्ण कटिबंधातील एक कल्पित बेट, त्यावर हातात बंदूक घेऊन हवे तिकडे हिंडणारा खेळाडू, आणि पुण्यात बसून तो खेळणाऱ्या मराठी मुलांना त्या बेटाचे झालेले दर्शन.

या प्रकारच्या खेळांचा मूळपुरुष म्हणून 'फार क्राय' या खेळाकडे बोट दाखविले जाते, आणि ते बऱ्याच अंशी बरोबर आहे. जर्मनीतील कोबुर्ग या गावी १९९९ साली तुर्की वंशाच्या येर्ली बंधूंनी क्रायटेक ही संस्था स्थापन केली. एका बेटावर डायनोसॉर हिंडताना दाखविणारे 'एक्स-आइल' नावाचे प्रात्यक्षिक त्यांनी संगणकाच्या चित्रशक्तीचा नमुना म्हणून तयार केले होते. त्यातूनच पुढे 'फार क्राय' निघाला आणि मार्च २००४ मध्ये युबिसॉफ्टने तो प्रसिद्ध केला. कथा मायक्रोनेशियातील एका द्वीपसमूहात घडते. नायक जॅक कार्व्हर हा पूर्वीचा सैनिक. त्याची नाव बुडविली जाते आणि तो किनाऱ्याला लागतो. तोपर्यंतचे बंदुकीचे बहुतेक खेळ बोळांतून आणि बंद दालनांतून चालत. येथे समोर दूरवर पसरलेला समुद्र, पुळण, डोंगर आणि दाट झाडी एकाच दृष्टिक्षेपात आली. दुर्बिणीने शत्रू नुसते दिसत नव्हते, त्यांचे बोलणेही ऐकू येत होते. आणि ते शत्रूही एकमेकांना हाका मारून, बाजूने वळसा घालून खेळाडूस घेरीत. काटेकोरपणे पाहता हा खेळ आजच्या अर्थाने 'ओपन वर्ल्ड' नव्हे, कारण त्याचे भाग ठरलेले होते. पण एका भागात वाट कोणती धरावी हे खेळाडूच ठरवीत असे. जगभरच्या खेळाडूंचे त्याविषयीचे मत ढोबळपणे एकच झाले. पूर्वार्धातील मोकळ्या रानाची त्यांनी तोंड भरून स्तुती केली, उत्तरार्धात विकृत प्राणी अवतरल्यावर ते रुसले, आणि ठराविक टप्प्याखेरीज खेळ राखून ठेवता येत नाही याबद्दल सर्वांनीच तक्रार केली.

पुण्यात त्या काळी हा खेळ विकत घेणारे थोडे आणि उसना घेणारे पुष्कळ. ज्यांना ते दिवस आठवतात त्यांस ठाऊक आहे की, मध्यमवर्गीय घरातील संगणक हा मुलाच्या शिक्षणासाठी सुटे भाग जुळवून घेतलेला असे, आणि त्यात चित्रांसाठीचे वेगळे कार्ड असणे ही चैन गणली जाई. त्यामुळे परदेशी परीक्षकाला 'फार क्राय' पाहून जे पहिले वाटले ते, म्हणजे समुद्राच्या रंगाची मोहिनी, आमच्याकडील खेळाडूस पहिले वाटले नाही. त्याचा पहिला प्रश्न 'हा आपल्या यंत्रावर चालेल काय?' असा होता. वसतिगृहातील एका खोलीत तो चालतो आहे अशी वार्ता आली की दहा जण पाहावयास जमत, आणि पाण्यात आकाशाचे प्रतिबिंब दिसते की नाही याची चर्चा होई. ज्या यंत्रावर पाणी करड्या काचेसारखे दिसे त्याच्या मालकाची कीव केली जाई. यापूर्वी 'व्हाइस सिटी' हा खेळ सायबर कॅफेंतून घरोघर पोहोचला होता. तेही नगर बेटांवरच वसलेले आणि ताडामाडांनी वेढलेले. परंतु ते 'बेट' आहे असे कोणी म्हटल्याचे मला स्मरत नाही. ते शहरच होते, आणि त्याची मोहिनी मोटारींची होती.

प्रस्तुत लेखक त्या सुमारास पदव्युत्तर विद्यार्थी होता. आमच्या मजल्यावर मालवण तालुक्यातील एक मित्र राहत असे. त्याने हा खेळ हाती घेतला नाही, तो मागे उभा राहून पाहत होता. खेळणारा किनाऱ्यावरील माडांच्या आडोशाने पुढे सरकत असता हा एकदम म्हणाला, "अरे, ह्या माडांक आळी खंय आसत?" खोलीत हशा पिकला. गोळ्या चालू आहेत आणि याला माडाच्या आळ्याची पडली आहे, असा त्या हशाचा अर्थ होता. मीही हसलो. परंतु त्या प्रश्नाचे मर्म पुढे कितीतरी वर्षांनी माझ्या ध्यानात आले. कोकणातल्या माणसास माड हे रानचे झाड नव्हे. ते लावलेले असते, त्याच्या बुंध्याशी पाणी आणि खत धरून ठेवण्यासाठी आळे केलेले असते, झापे उतरविलेली असतात, कधी खोडाला चढण्यासाठी खाचा पाडलेल्या असतात. माड दिसला की त्यापाठोपाठ माणूस दिसलाच पाहिजे. ज्या किनाऱ्यावर शेकडो माड आहेत आणि एकाही माडाला आळे नाही, तो किनारा त्याच्या दृष्टीने सुंदर नव्हता, संशयास्पद होता. हे बेट कोणाचे, असे तो विचारीत होता.

हा प्रश्न खेळ घडविणाऱ्यांच्या मनात न येण्यास मोठी परंपरा कारणीभूत आहे. १७१९ साली प्रसिद्ध झालेल्या 'रॉबिन्सन क्रूसो'पासून युरोपीय कल्पनेतील उष्ण कटिबंधीय बेट हे प्रायः रिकामे असते. किंवा त्यावर माणसे असली तरी ती बेटाची मालक नसतात, बेटाच्या संकटांपैकी एक असतात. ते बेट कोणीतरी येऊन शोधावे म्हणून वाट पाहत पडलेले असते. उलट मराठी इतिहासातील बेट कधीच रिकामे नसते. 'जंजिरा' हा शब्दच अरबीतील बेटवाचक 'जझीरा' या शब्दापासून आलेला, आणि आपल्याकडे त्याचा अर्थ पाण्यातला किल्ला असा स्थिर झाला. मालवणसमोरच्या कुरटे बेटावर १६६४ साली सिंधुदुर्गाचे काम सुरू झाले, १६७९ साली खांदेरीवर तटबंदी उभारू लागताच मुंबईकर इंग्रज व सिद्दी दोघेही धावून आले, आणि सिद्द्यांचा जंजिरा तर शिवाजी महाराजांस व संभाजी महाराजांसही अखेरपर्यंत हाती लागला नाही. आपल्या ऐतिहासिक स्मृतीतील बेट हे असे किनाऱ्यावरून पाहिलेले, दुसऱ्या कोणाच्या तरी ताब्यात असलेले, तटाआड तोफा ठेवून बसलेले आहे. विसाव्या शतकात त्यात आणखी एका बेटाची भर पडली. १९११ साली सावरकरांस अंदमानात नेण्यात आले, आणि 'माझी जन्मठेप' वाचलेल्या मराठी पिढ्यांच्या मनात नारळ, दमट हवा आणि निळे पाणी यांची सांगड विश्रांतीशी न बसता कोलूशी बसली.

आता भाषेच्या अंगाने या बेटाकडे पाहू. संस्कृतात 'द्वीप' म्हणजे ज्याच्या दोहो बाजूंस पाणी आहे ते. पाणिनीने सहाव्या अध्यायाच्या तिसऱ्या पादात 'अप्' या जलवाचक शब्दाला होणारा विकार सांगून 'द्वीप', 'अंतरीप' हे शब्द साधले आहेत, आणि लगेच पुढच्या सूत्रात त्याच 'अप्'पासून प्रदेशवाचक 'अनूप' हा शब्द साधला आहे. अनूप म्हणजे पाणथळ, दाट झाडीचा, दमट मुलूख. वैद्यकशास्त्राने देशाचे जे भेद केले त्यांत 'आनूप' याच्या अगदी विरुद्ध टोकाला 'जांगल' ठेवला आहे. जांगल देश म्हणजे कोरडा, मोकळा, विरळ व काटेरी झाडांचा, हरणांनी भरलेला, आरोग्यास हितकर. म्हणजे शास्त्रार्थाने पाहता खेळातील ते बेट 'जंगल' नव्हेच. ते जंगलाच्या नेमके उलट आहे. हा शब्द इंग्रजांनी अठराव्या शतकात येथून उचलला आणि त्याचा अर्थ वळत वळत गच्च, ओले, वेलींनी भरलेले, रोगट अरण्य असा झाला. या अर्थांतराचा मागोवा फ्रेंच संशोधक फ्रान्सिस झिमरमन यांनी १९८२ च्या आपल्या ग्रंथात विस्ताराने घेतला आहे, तो जिज्ञासूंनी पाहावा. आमच्या दृष्टीने महत्त्वाचे एवढेच की, दक्षिण आशियाच्या कोरड्या माळावरून निघालेला शब्द युरोपात जाऊन ओला झाला, आणि त्या ओल्या शब्दाचे चित्र कोबुर्ग येथे रेखाटले जाऊन पुण्याच्या वसतिगृहात परत आले.

मराठीतील 'बेट' हा शब्द याहून मजेदार आहे. पाण्याने वेढलेली भूमी हा त्याचा एक अर्थ, आणि बांबूंचे दाट ठाणे हा दुसरा. मोल्सवर्थच्या कोशात दोन्ही नोंदले आहेत. कळकाचे बेट म्हटले की ज्यात शिरता येत नाही आणि शिरलेला दिसत नाही अशी जागा डोळ्यांसमोर येते. या प्रकारच्या खेळाचे सारे सूत्र या एका शब्दात सामावले आहे असे म्हणण्याचा मोह होतो. पण तो मोह आवरला पाहिजे.

कारण व्युत्पत्ती हा खेळाडूचा अनुभव नव्हे. भाषाशास्त्र्याचा हा नेहमीचा दोष आहे की, शब्दाच्या पोटात जे दडले आहे ते तो शब्द वापरणाऱ्याच्याही मनात असेलच असे तो गृहीत धरतो. 'लूट' या शब्दाचे उदाहरण घ्या. इंग्रजांनी तो हिंदीतून घेतला, यूल व बर्नेल यांच्या १८८६ च्या 'हॉब्सन-जॉब्सन' कोशात त्याची कहाणी दिली आहे, आणि आज जगातील बहुतेक सर्व युद्धखेळांत मेलेल्या शत्रूच्या अंगावरील वस्तू उचलणे यास तोच शब्द लावतात. मराठी मुलगा 'आधी लूट कर, मग पुढे हो' असे म्हणतो तेव्हा तो आपला शब्द परत घेत असतो की इंग्रजी शब्द उच्चारीत असतो? मी अनेक विद्यार्थ्यांना हे विचारले. बहुतेकांच्या मते तो खेळातला, अर्थात् इंग्रजी, शब्द आहे. एकाने तर 'लुट'चा उकार ऱ्हस्व करून मला बजावले की लुटारूंची लूट वेगळी आणि ही वेगळी. त्यांच्या लिंगव्यवस्थेत मात्र तो शब्द निमूटपणे स्त्रीलिंगी राहिला आहे : 'चांगली लूट मिळाली'. जाणिवेत परका आणि व्याकरणात घरचा, अशी ही स्थिती आहे.

उलट दिशेचे उदाहरणही आहे. खेळाच्या इंग्रजी परिभाषेतील 'आउटपोस्ट' या शब्दाला आमचे विद्यार्थी बोलण्याच्या ओघात 'ठाणे' म्हणत नाहीत. पण आपण काय केले हे सविस्तर सांगू लागले की 'टेहळणी', 'दबा धरून', 'चौकी', 'पाठीमागून छापा' हे शब्द आपोआप येतात, आणि बोलणे जरा रंगले की 'गनिमी कावा'ही येतो. हा शब्दसंग्रह शालेय इतिहासाच्या पुस्तकांतून आलेला आहे, यात शंका नाही. चौथीत शिकलेल्या इतिहासाने पंचविशीतील खेळाला क्रियापदे पुरविली. गंमत अशी की 'गनीम' म्हणजे शत्रू. मोगली कागदपत्रांत तो शब्द मराठ्यांस उद्देशून येतो आणि मराठी कागदांत मराठ्यांच्या शत्रूंस. अरबीत त्याच धातूपासून युद्धातील लुटीस 'गनीमत' म्हणतात. पण पुन्हा मी व्युत्पत्तीकडे वळलो.

'फार क्राय'चे सर्व हक्क २००६ साली युबिसॉफ्टकडे गेले. २००८ साली दुसरा भाग आफ्रिकेत घडला, आणि २०१२ च्या अखेरीस प्रसिद्ध झालेल्या तिसऱ्या भागात खेळ पुन्हा बेटावर आला. या वेळी मात्र बेट खऱ्या अर्थाने मोकळे होते. (२००८ सालीच युबिसॉफ्टने गेमलॉफ्टचा पुण्यातील स्टुडिओ घेऊन या शहरात आपले ठाणे मांडले, हे जाता जाता नोंदवितो.) 'फार क्राय ३'ची कथा थोडक्यात अशी : बँकॉकला मौजमजा करून काही श्रीमंत अमेरिकन तरुण विमानातून उड्या टाकून रूक बेटांवर उतरतात आणि चाच्यांच्या तावडीत सापडतात. त्यांपैकी जेसन ब्रोडी निसटतो, बेटवासीयांच्या साहाय्याने शस्त्रविद्या शिकतो, ठाणी जिंकतो, मनोरे चढून नकाशा उघडतो, जनावरे सोलून पिशव्या शिवतो, आणि त्याच्या हातावर गोंदण वाढत जाते. या गोंदणाला खेळात 'ततौ' हा सामोअन शब्द योजला आहे. वास नावाच्या चाच्याच्या भूमिकेने खेळाडूंना इतके वेड लावले की, पुष्कळांना कथा आठवत नाही आणि वास आठवतो.

या बेटावरील मूळ रहिवाशांस खेळात 'राक्यात' असे नाव आहे. हा मलय भाषेतील शब्द, अर्थ 'जनता'. अरबीतील 'रइयत' यापासून तो आला. मूळ अर्थ राखलेला कळप, त्यावरून राज्यकर्त्याने सांभाळावयाची प्रजा. म्हणजे आपली 'रयत' आणि त्यांची 'राक्यात' ही एकाच मातेची लेकरे होत. त्यांच्या प्रमुख स्त्रीचे नाव 'चित्रा', तेही मलय-इंडोनेशियन भाषांनी संस्कृतातून घेतलेले. मलय नाव, सामोअन गोंदण, संस्कृत राणी. अर्ध्या महासागराचे तुकडे जोडून ही जमात बनविली आहे, आणि खेळात तिचे मुख्य कार्य परक्या तरुणास वीर बनविणे हे आहे. यावर पाश्चात्त्य टीकाकारांनी कडक आक्षेप घेतला. गोऱ्या माणसाने येऊन काळ्या-सावळ्यांचा उद्धार करावा ही जुनीच कहाणी पुन्हा सांगितली, असे त्यांचे म्हणणे. लेखक जेफ्री योहालेम यांनी उत्तर दिले की, हे सारे त्या कहाणीचे विडंबनच आहे आणि खेळाडूंच्या ते ध्यानात आले नाही. लेखकाचा हेतू काहीही असो, वाचकाच्या ध्यानात न आलेले विडंबन हे विडंबन म्हणून फसलेले असते, असे माझे मत आहे.

मराठी खेळाडूंस या वादाविषयी काय वाटले? माझ्याशी बोललेल्यांपैकी बहुतेकांस काहीच वाटले नव्हते, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. ते जेसनच्या डोळ्यांनी पाहत होते आणि जेसनचे हात त्यांचे हात होते. लातूरकडील एका विद्यार्थ्याने स्पष्टच सांगितले की, झाडे त्याने आडोसा म्हणूनच पाहिली आणि माणसे शत्रू की मित्र एवढेच पाहिले. मराठी खेळाडू सर्वत्र आपली संस्कृती घेऊन जातो आणि परक्या कल्पनेला आव्हान देतो, असा निष्कर्ष काढणे सोपे आहे आणि खोटे आहे. तथापि 'राक्यात म्हणजे रयत' हे सांगितल्यावर त्यांच्या बोलण्यात जो बदल झाला तो नोंदण्याजोगा आहे. एक विद्यार्थिनी म्हणाली, म्हणजे गावकरी. मग आपण त्यांची ठाणी सोडवून दिली की तेथे त्यांचे लोक राहावयास येतात तेव्हा ते शेती का करीत नाहीत? ते नुसते बंदुका घेऊन उभे असतात. खेळात दिवस जातो, रात्र येते. पण ऋतू बदलत नाहीत, पेरणी होत नाही, होडी मासळी घेऊन येत नाही. वीस वर्षांपूर्वीचा आळ्यांचा प्रश्न निराळ्या तोंडून आणि निराळ्या तालुक्यातून पुन्हा आला होता. त्याला मी उत्तर दिले नाही, कारण माझ्या नावामुळेच तो प्रश्न उद्भवला होता. हा पुरावा अर्धा माझा आहे, हे वाचकाने लक्षात ठेवावे.

येथपर्यंतची हकीकत संगणक बाळगणाऱ्यांची झाली. बेट खऱ्या अर्थाने तालुक्यातालुक्यांत पोहोचले ते २०१८ नंतर, भ्रमणध्वनीवरून. 'पबजी'मध्ये शंभर खेळाडू विमानातून छत्रीने उतरतात आणि शेवटचा जिवंत राहीतो एकमेकांस मारतात. तिचे एर्‌अँगल हे बेट आठ किलोमीटर लांब व तितकेच रुंद. त्याच वर्षी आलेले सान्होक हे उष्ण कटिबंधीय बेट त्याच्या चतुर्थांश, म्हणजे चार गुणिले चार. सान्होक हे नाव थाई भाषेतील आनंदवाचक 'सनुक' आणि फिलिपिनो भाषेतील कोंबडीवाचक 'मनोक' यांच्या संकराने बनविले, असे निर्मात्यांनीच सांगितले आहे. जिंकणाऱ्यास कोंबडीचे जेवण मिळते या खेळातील विनोदास ते धरून आहे. ज्यांचे फोन त्याहून हलके होते त्यांनी 'फ्री फायर' धरला. त्यात पन्नास खेळाडू, दहाएक मिनिटांचा डाव, आणि 'बर्म्युडा' नावाचे बेट.

या खेळांत कथा नाही, म्हणून खेळाडूच्या अनुभवाचे स्वरूपही पालटते. आता बेट एकट्याने पाहावयाचे नसून चौघांनी बोलून एकमेकांस दाखवावयाचे असते. अनोळखी साथीदार असले की आमची मुले हिंदी बोलतात, चौघेही ओळखीचे असले की मराठी. या मराठीत मला एक प्रयोग आढळला, त्याने मला विशेष विचारात पाडले. पडद्याच्या वर होकायंत्राचे अंश दिसतात. शत्रू कोणत्या दिशेस आहे हे सांगताना मुले म्हणतात, 'एकशे पासष्टला दोघे आहेत', 'दोनशे दहाला घर आहे'. मराठीत स्थळ दाखविण्यास 'ला' हा प्रत्यय लागतो तो मुख्यतः गावाच्या नावास : 'तो पुण्याला असतो', 'मामा साताऱ्याला आहेत'. खोलीला किंवा शेताला कोणी असत नाही; तेथे 'खोलीत', 'शेतात' असेच म्हणावे लागते. म्हणजे या मुलांनी होकायंत्राच्या तीनशे साठ अंशांस तीनशे साठ गावे केली. ही गावे खेळाडू वळेल तशी त्याच्याभोवती फिरत नाहीत, दिशा कायम राहते; पण खेळाडू चालू लागला की गाव त्याच्याबरोबर चालते. हिंदीतील 'पे' या प्रयोगाचे हे अनुकरण असेल, असा आक्षेप घेता येईल. तो मी नाकारीत नाही. परंतु 'वर' हा सरळ प्रतिशब्द हाताशी असता 'ला' निवडला गेला, याचे कारण अनुकरणात सापडत नाही.

२ सप्टेंबर २०२० रोजी केंद्र सरकारने एकशे अठरा उपयोजनांवर बंदी घातली, त्यांत 'पबजी मोबाइल' होती. त्याच वर्षीच्या ३० ऑक्टोबरपासून भारतातील खेळाडूंसाठी तिचे दळण पूर्ण थांबले. जुलै २०२१ मध्ये ती नव्या नावाने आली, जुलै २०२२ मध्ये पुन्हा रोखली गेली, मे २०२३ मध्ये परतली. 'फ्री फायर'वर फेब्रुवारी २०२२ मध्ये बंदी आली. या निर्णयांच्या योग्यायोग्यतेची चर्चा येथे अप्रस्तुत आहे. इतिहासाभ्यासकाने पाहावयाचे ते हे की, ज्या भूमीवर लाखो मुलांनी टाळेबंदीतील महिने काढले ती एका रात्रीत अगम्य झाली. पडलेल्या वाड्याचा चौथरा राहतो. येथे चौथराही नाही. पुढे बेट परत आले तरी तेच परत आले असे नाही, कारण नवीन आवृत्तीत घरे हलतात, टेकड्या सपाट होतात, गाव नाहीसे होते. २००४ चा 'फार क्राय' आजही तबकडीवरून जसाच्या तसा चालविता येतो. २०१९ चे सान्होक कोणालाही चालविता येत नाही. त्याचे जे काही उरले आहे ते चित्रफितींत आणि मुलांच्या तोंडी. चित्रफितीत बेट दिसते, पण बेटाविषयी मराठीत काय बोलले जाई ते फारच थोड्या ठिकाणी ऐकू येते. लोकप्रिय चित्रफितींची भाषा बहुधा हिंदी. त्यामुळे 'एकशे पासष्टला' या प्रयोगाचा जुना पुरावा मागितला तर मी देऊ शकत नाही. ज्यांनी तो केला ते आता नोकरीस लागले आहेत, आणि विचारले असता आपण असे काही म्हणत होतो हेच त्यांना आठवत नाही. ही मुलाखत पाच वर्षे आधी घ्यावयास हवी होती. त्या वेळी विद्यार्थी वर्गात फोन पाहतात म्हणून मी त्यांना बाहेर घालवीत होतो.

जे अजून हाती लागण्यासारखे आहे त्यापैकी स्थलनामे मला सर्वांत मोलाची वाटतात. खेळातील ठिकाणांची नावे इंग्रजी, रशियन, थाई, इंडोनेशियन अशी नाना तऱ्हांची. मुलांनी ती उच्चारासाठी घासून घेतली, काहींचे भाषांतर केले, काहींना दिसेल तशी नवी नावे दिली. या नावांची तालुकावार यादी करण्यास आमच्या विद्यार्थ्यांनी गेल्या सत्रात आरंभ केला आहे. त्यातील एकच नाव येथे देतो. 'फ्री फायर'च्या बर्म्युडा बेटावर 'बिमासक्ती स्ट्रिप' नावाची एक वस्ती आहे. इंडोनेशियन भाषेत आकाशगंगेस 'बिमा सक्ती' म्हणतात. महाभारतातील भीम आणि त्याची शक्ती हे त्याचे मूळ. बीड जिल्ह्यातील एका विद्यार्थ्याने यादीत त्या जागी सरळ 'भीमशक्ती' असे लिहिले होते. मी त्यास विचारले की हे मूळ नाव तुला कोठे कळले. तो म्हणाला, कळायचे काय त्यात, सर. आमच्या वस्तीच्या तोंडाशीच फलक आहे, म्हणून आम्ही नेहमी तिथेच उतरायचो.